मी लिहिलेली निष्कलंक माणसं

माझ्या हातून आजवर दोनशेच्या वर माणसं निष्कलंक झाली असतील. अजातशत्रू त्याहून जास्त, कारण हा शब्द मी निवृत्त होणाऱ्या तलाठ्यांनाही लावायचो. मी पेशाने मराठीचा शिक्षक. पण आमच्या तालुक्यात कुणाला विचारलं तर शाळेतला सर म्हणून मला कुणी ओळखणार नाही. मानपत्र लिहिणारे आणि माईकवर बोलणारे सर म्हटलं की लोक घर दाखवतील. या अंकाच्या संपादकांचा फोन आला की या उद्योगाबद्दल लिहा, तेव्हा मी फार खूश झालो. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की लिहायचं तर भाऊंबद्दल आणि कोर्टाबद्दलही लिहावं लागेल. बायको म्हणाली, "लिहा. लोकायचं लय लिहिलं, आता सोताचं लिहा. अन् खरं लिहा, म्हंजे लवकर संपंल."

हा उद्योग बाहेरच्या माणसाला सोपा वाटतो. सत्कार ठरला की आयोजक येतात आणि म्हणतात, "सर, एक चांगलं जोरदार मानपत्र पाह्यजे, परवा कार्यक्रम हाये." सत्कारमूर्तीची माहिती म्हणून ते एक पासपोर्ट फोटो देतात. बाकीचं मी भरायचं. मानपत्राची एक ठरलेली वाट असते. सुरुवातीला संबोधनं, पायरी पायरीने चढत जाणारी. मग सामान्य कुटुंबातला जन्म. जमीनदाराचा मुलगा असला तरी जन्म सामान्य कुटुंबातच. मग आई. आईचं नाव वाचून झालं की वाचणाऱ्याने दोन सेकंद थांबायचं असतं, म्हणजे सत्कारमूर्तीला रुमाल काढायला वेळ मिळतो. मग परिस्थितीवर मात, मग कार्य, मग चारित्र्य, मग सहचारिणी, आणि शेवटी दीर्घायुष्य. वाचन सहा मिनिटांत संपलं पाहिजे. सातव्या मिनिटाला जेवणाच्या पंगतीकडून भाजीचा वास येतो आणि माणसं उठायला लागतात.

माझे वडील बाजार समितीत पोती वाहायचे. आमच्या घरात पहिला पदवीधर मीच. माईक पहिल्यांदा हातात आला तो आमच्या वस्तीतल्या जयंतीच्या कार्यक्रमात. सूत्रसंचालन करणारा आलाच नाही, म्हणून मला पुढे ढकललं. मी अर्धा तास बोललो. काय बोललो ते आठवत नाही, पण वडील घरी येऊन आईला म्हणाले, "पोराले आवाज हाये. याले पोतं उचलाव नाही लागनार." तेवढ्या एका वाक्यावर मी पुढची तीस-पस्तीस वर्षं माईक सोडला नाही.

मी कधी मानधन घेतलं नाही. माझी एकच अट असायची. मानपत्राच्या खाली उजव्या कोपऱ्यात, बारीक अक्षरात का होईना, 'शब्दांकन' असं लिहून माझं नाव यायला हवं. काचेच्या फ्रेममध्ये, लोकांच्या बैठकीत, देवाच्या फोटोशेजारी आपलं नाव टांगलेलं आहे, याचं मला फार अप्रूप होतं. पाहुणा म्हणून कुणाच्या घरी गेलो तर मी आधी भिंतीकडे बघायचो. ही हौस मला पुढे कुठे घेऊन गेली ते सांगणारच आहे.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची आली. साखरखेर्ड्याचे एक ग्रामसेवक मसुदा वाचून म्हणाले, "सर, तेवढं अजातशत्रू काढा." मी म्हटलं, का हो? "माहे शत्रू हायेत, अन् ते सगळे पहिल्या रांगेत बसनार हायेत. हसतीन." रोहिणखेडला एका म्हाताऱ्या पहिलवानाचा सत्कार होता. सगळे त्यांना चाचा म्हणायचे. मी सगळा जोर लावून वाचलं. ते मान खाली घालून ऐकत होते. मला वाटलं, गहिवरले. वाचून झाल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं आणि कानाशी विचारलं, "मास्टरजी, ये जिसका आपने पढ़ा, ये आदमी कहाँ रहता है? मिलना है उससे." मी हा किस्सा पुढे प्रत्येक कार्यक्रमात सांगून टाळ्या घेतल्या. चाचांनी माझी थट्टा केली होती की मला सावध केलं होतं, याचा विचार तेव्हा केला नाही.

आता भाऊ.

दिनकरभाऊ एवढंच लिहितो. आडनाव, गाव लिहीत नाही. ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे. मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला असताना परीक्षेचा फॉर्म भरायची तारीख हुकली. आई आजारी होती आणि मी घरी होतो, पण ते कॉलेजात कुणी ऐकून घेत नव्हतं. भाऊ तेव्हा नुकतेच ग्रामपंचायतीत निवडून आलेले, माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठे. माझा त्यांचा परिचय नुसता रामराम-जयभीमपुरता. मी एसटी स्टँडवर रडवेला उभा दिसलो, तर त्यांनी मोटरसायकल थांबवली. "काऊन रे, काय झालं?" सगळं ऐकून म्हणाले, "बस मागं." प्राचार्यांच्या खोलीत जाऊन ते हात जोडून उभे राहिले आणि म्हणाले, "साहेब, चूक माही हाये. यानं फॉर्म माह्याजवळ देला व्हता, मी भरायचा इसरलो. मले काय बोलायचं ते बोला, पोराले परीक्षेले बसू द्या." मी त्यांच्याजवळ काहीही दिलं नव्हतं. प्राचार्यांनी त्यांना दहा मिनिटं झापलं. भाऊ मान खाली घालून ऐकत राहिले. बाहेर आल्यावर हसले आणि म्हणाले, "पास हो म्हंजे झालं."

मी पास झालो. नोकरी लागली. घरात पोत्यांचा वास येणं बंद झालं. त्या दहा मिनिटांची परतफेड मी पुढे विशेषणांनी करत राहिलो.

भाऊंची मी पाच मानपत्रं लिहिली. पहिलं ते सरपंच झाले तेव्हाचं. त्यात चार विशेषणं होती आणि नऊ कामं. शाळेला नळ, वस्तीपर्यंत पक्का रस्ता, स्मशानभूमीचा वाद मिटवला, अशी सगळी डोळ्यांनी दिसणारी कामं. मोटरसायकलवर फिरायचे, दारात कुणी आलं की उठून उभे राहायचे. मग ते पंचायत समितीवर गेले, मग जिल्हा परिषदेवर, मग तिथे शिक्षण सभापती झाले. मोटरसायकलची जीप झाली, जीपची पांढरी मोठी गाडी झाली, घराला फाटक आलं आणि फाटकाला माणूस आला. चौथ्या मानपत्रात विशेषणं नऊ होती आणि कामं चार. मी मराठीबरोबर पाचवीला गणितही शिकवायचो, तेव्हा हे माझ्या लक्षात आलं नाही असं म्हणता येणार नाही. सरकारी शिक्षकाने राजकीय व्यासपीठावर जाऊ नये असा नियम आहे. म्हणून आम्ही त्या सगळ्याला 'स्नेहमेळावा' म्हणायचो.

आमच्या शाळेत दुपारची खिचडी शिजवण्याचं काम एका महिला बचत गटाकडे होतं. गटाच्या अध्यक्ष वत्सलाबाई. मोठ्या भांड्यात उलथणं फिरवणारी, कमी बोलणारी बाई. नवरा नव्हता, दोन मुली होत्या, त्यातली धाकटी माझ्याच वर्गात होती. या कामाचा करार दर वर्षी नव्याने व्हायचा आणि त्याचा कागद जिल्हा परिषदेतून, म्हणजे सभापतींच्या शब्दाने, हलायचा. त्या वर्षी तो हललाच नाही. एक दिवस मधल्या सुट्टीत वत्सलाबाई हात पुसत माझ्याकडे आल्या.

"सर, भाऊ एका महिन्याचं बिल मागून राह्यले. देलं तं सही, नाही तं दुसरा गट."

"कोण म्हणालं? त्यांच्या माणसाने सांगितलं असेल."

"नाही, त्यायच्याच तोंडानं. समोर बसून." मग म्हणाल्या, "तुमचं ते ऐकतात. तुमी त्यायचं एवढं चांगलं लिहिता. येक डाव सांगा ना."

मी गेलो. यात शौर्य काही नव्हतं. मला खरंच वाटलं होतं की काहीतरी गैरसमज आहे. भाऊ ओसरीवर बसले होते. मी इकडचं तिकडचं बोललो, चहा घेतला, आणि निघता निघता, चप्पल घालताना, म्हणालो, "भाऊ, ते आमच्या शाळेतल्या वत्सलाबाईंचं जरा बघा."

भाऊ माझ्याकडे बघून हसले. "सर, तुमी याच्यात पडू नका. हे येगळं खातं हाये." आणि लगेच म्हणाले, "यंदा साठावा वाढदिवस हाये. मानपत्र भारी झालं पाह्यजे."

मी "हो" म्हणून बाहेर पडलो. दुसऱ्या दिवशी वत्सलाबाईंना काय सांगितलं, ते लिहायला मला आठ दिवस लागले. मी सांगितलं, "देऊन टाका बाई. मोठ्या माणसांची कामं अशीच होतात. मुलींकडे बघा." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, "बरं" म्हणाल्या आणि खिचडी ढवळायला गेल्या.

साठाव्या वाढदिवसाचा मांडव भाऊंच्या घरासमोरच्या मोकळ्या जागेत पडला होता. सकाळी अकराची वेळ. मानपत्र मी तीन रात्री जागून लिहिलं होतं. लाल मखमलीवर सोनेरी अक्षरं, काचेची फ्रेम, कोपऱ्यात माझं नाव. रिवाज असा की आधी लोक घरात जाऊन भाऊंना हार-गुच्छ द्यायचे आणि मग भाऊ मांडवात यायचे. मी माईकवर होतो. बायकांच्या रांगेत वत्सलाबाई दिसल्या, हातात गुच्छ, सोबत कुणी नातेवाईक वाटावा असा एक माणूस. मला बरं वाटलं. म्हटलं, मिटलं वाटतं दोघांचं.

थोड्या वेळाने रांग थांबली. फाटक बंद झालं. मला वाटलं, भाऊ कपडे बदलत असतील.

"भाऊंचं थोड्याच वेळात आगमन होत आहे," मी म्हणालो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दहा मिनिटांनी मी पुन्हा तेच म्हणालो. मग चाचांचा किस्सा सांगितला. मग भाऊंचं बालपण सांगितलं. सूत्रसंचालकाच्या धंद्यात रिकामा माईक म्हणजे अपमान असतो, त्यामुळे मी बोलतच राहिलो. पाऊण तास झाला, एक तास झाला. भाऊंची उदारता, भाऊंची साधी राहणी, भाऊंचे स्वच्छ हात. हो, स्वच्छ हातही त्याच वेळी झाले. पहिल्या रांगेतला एक कार्यकर्ता मला हातवारे करत होता. मला वाटलं, आवाज वाढवा म्हणतोय. मी वाढवला.

शेवटी त्याने वर येऊन माईकचं बटण बंद केलं. "सर, आता थांबा ना बे!" घाबरल्यामुळे तो मला बे म्हणाला, एरवी फार आदबीने वागायचा. "आत लाचलुचपतवाले हायेत. भाऊचे हात धुऊन राह्यले."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. लाचेच्या नोटांना आधी एक पांढरी पावडर लावलेली असते, ती दिसत नाही. नोटा घेतल्यावर माणसाचे हात सोड्याच्या पाण्यात बुडवतात. पावडर हाताला लागली असेल तर पाणी गुलाबी होतं. वत्सलाबाईंनी आधीच तक्रार केली होती आणि गुच्छाबरोबर तशाच नोटा भाऊंच्या हातात दिल्या होत्या. त्यांच्यासोबतचा तो नातेवाईक म्हणजे दुसऱ्या खात्यातला सरकारी कर्मचारी होता, पंच म्हणून सोबत दिलेला. घरात भाऊंच्या हाताखालचं पाणी गुलाबी होत होतं, तेव्हा भिंतीपलीकडे भोंग्यावर माझा आवाज जात होता. पुढे ऐकलं की पंचनामा लिहिणाऱ्या साहेबांना त्या आवाजात काही सुचेना, म्हणून त्यांनी दोनदा खिडकी लावून घेतली.

मानपत्र वाचायचं राहिलंच. भाऊंना गाडीत बसवून नेलं. मांडवात पंगत मात्र बसली. स्वयंपाक झाला होता.

खटला उभा राहायला काही वर्षं गेली. तोवर मी निवृत्त झालो होतो. एक गंमत सांगतो: वत्सलाबाईंच्या फाइलला हात लावायची त्यानंतर कुणाची छाती होईना, त्यामुळे त्यांचं काम दर वर्षी आपोआप चालू राहिलं. गावातल्या निम्म्या लोकांनी मात्र त्यांच्याशी बोलणं सोडलं. आणि एक गोष्ट मला नंतर कळली. पोलिसांनी जबाब घेताना विचारलं होतं की याआधी तुम्ही ही गोष्ट कुणाला सांगितली का. वत्सलाबाईंनी माझं नाव घेतलं नव्हतं. सरांची नोकरी आहे, म्हणून.

एका संध्याकाळी भाऊ पायी माझ्या घरी आले. पांढरी गाडी विकली होती. खुर्चीवर टेकले आणि म्हणाले, "सर, वकील म्हनते, तुमची साक्ष पाह्यजे."

"माझी? मी काय पाहिलं?"

"पाह्यलं काही नाही. तुमी लिहिलं हाये. त्याच दिवशीचं मानपत्र हाये, फ्रेमसगट. वकील म्हनते, चांगल्या चारित्र्याचा साक्षीदार लागते. तुमचं नाव खाली छापेल हाये. कोर्टात येऊन फक्त लिहिलं तेच सांगा. दुसरं काही नाही."

त्यांनी प्राचार्यांची गोष्ट काढली नाही. काढली असती तर मला चिडता तरी आलं असतं. मी हो म्हटलं. त्यात उपकाराची जाणीव होती, आणि खरं सांगायचं तर दुसरंही थोडं होतं: आपल्या मानपत्राची कोर्टाने दखल घेतली, हे ऐकून आतून बरं वाटलं होतं.

बुलढाण्याच्या कोर्टात मी इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून गेलो. शिपायाने विचारलं, देवाची शपथ घेता की प्रतिज्ञा? मी प्रतिज्ञा घेतली आणि ती इतक्या खणखणीत आवाजात म्हटली की न्यायाधीशांनी मान वर केली. भाऊंच्या वकिलांनी फ्रेम माझ्या हातात दिली. मी वाचायला लागलो. सवयीने आईच्या नावापाशी दोन सेकंद थांबलो. न्यायाधीश म्हणाले, "थांबलात का? पुढे वाचा." शेवटी वकिलांनी विचारलं, "आरोपींचं चारित्र्य निष्कलंक आहे, असं आपण लिहिलंय. ते आपलं मत आहे?" मी म्हणालो, "होय."

मग सरकारी वकील उठल्या. तरुण बाई, माझ्या मुलीच्या वयाच्या. फार सौम्य आवाजात बोलत होत्या.

"सर, अशी किती मानपत्रं लिहिली असतील आपण?"

"दोनशेच्या वर." मी अभिमानाने म्हणालो.

"त्यातल्या किती जणांचं चारित्र्य निष्कलंक होतं?"

कोर्टात कुणीतरी हसलं. मी म्हणालो, "तसा रिवाज असतो, मॅडम."

त्यांनी एक फोटो पुढे केला. एका फ्रेमचा फोटो होता. कोपऱ्यात माझं नाव. "हा मजकूर आपलाच?" माझाच होता. चारित्र्याचा परिच्छेद शब्दाला शब्द तोच. भाऊंच्या वेळी मी तो तसाच उचलला होता. "हे मानपत्र एका अभियंत्याच्या घरात भिंतीवर होतं. लाचेच्याच प्रकरणात घरझडती झाली, तेव्हा ते पंचनाम्यात आलं. ही व्यक्तीसुद्धा निष्कलंक होती का?"

आता सगळेच हसले. माझ्या डोळ्यांसमोर तालुक्यातल्या सगळ्या भिंती आल्या, आणि प्रत्येक भिंतीवर खाली उजव्या कोपऱ्यात मी.

"म्हणजे ही स्तुती आपण सगळ्यांचीच करता. माणूस कसा आहे हे पाहून लिहीत नाही."

"नाही," मी म्हणालो. "फोटो पाहून लिहितो."

मी हे विनोद म्हणून बोललो नव्हतो. पण न्यायाधीशांनाही हसू आवरलं नाही. मला वाटलं, संपलं. फजिती झाली, पण संपलं. बाई खाली बसता बसता पुन्हा उभ्या राहिल्या. असा प्रश्न त्या प्रत्येक साक्षीदाराला विचारत असाव्यात.

"शेवटचं. आरोपींनी कुणाकडे पैसे मागितले, असं या घटनेपूर्वी कधी आपल्या कानावर आलं होतं?"

मागच्या बाकावर वत्सलाबाई बसल्या होत्या. माझं उत्तर तयार होतं. 'नाही' हा शब्द माझ्या जिभेवर आलेला होता, हे मला इथे लिहिलंच पाहिजे, कारण नंतर काही लोकांनी मला धाडसी वगैरे म्हटलं. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या माझ्याकडे बघत होत्या, आणि मग त्यांनी हळूच मान खाली घातली. रागाने नाही. मी खोटं बोलणार हे त्यांनी धरून घेतलं होतं, आणि मला ते त्यांच्या डोळ्यांदेखत बोलावं लागू नये म्हणून त्यांनी नजर काढून घेतली होती. शाळेत त्या अशाच वागायच्या. एखादं पोर तिसऱ्यांदा ताट पुढे करायचं, तेव्हा त्याच्याकडे न बघता वाढायच्या.

"हो," मी म्हणालो.

पुढचं सगळं मला सांगावं लागलं: त्या माझ्याकडे आल्या, मी भाऊंकडे गेलो, भाऊ काय म्हणाले, आणि मी बाईंना काय सल्ला दिला. माझा आवाज पहिल्या बाकापर्यंतही जात नव्हता. न्यायाधीश दोनदा म्हणाले, "मोठ्याने बोला." आयुष्यात मला असं पहिल्यांदाच कुणी सांगत होतं.

बाहेर व्हरांड्यात वत्सलाबाई उभ्या होत्या.

"सर, मी तुमचं नाव घेतलं नोतं."

"मला माहीत आहे."

"मंग काऊन बोलले?"

मी शर्टाची बाही सारखी करत राहिलो. "तवा बोलले असते तं मले ह्या पायऱ्या चढाव लागल्या नसत्या," त्या म्हणाल्या, आणि पदर डोक्यावर घेऊन स्टँडच्या दिशेने गेल्या.

भाऊंना शिक्षा झाली. निकालपत्र मी ओळखीच्या वकिलाकडे जाऊन वाचलं. खरं तर शोधत होतो ते माझं नाव. माझ्याबद्दल एकच वाक्य होतं: बचावाच्या साक्षीदाराच्या साक्षीने आरोपीस कोणतेही साहाय्य होत नाही. वकील म्हणाला, "सर, हातालाच पावडर होती. तुम्ही काहीही बोलले असते तरी निकाल हाच होता." ज्याने दोनशे माणसांवर विशेषणं उधळली, त्याच्या वाट्याला आलेल्या वाक्यात एकही विशेषण नव्हतं. मला वाटतं, माझ्याबद्दल लिहिलं गेलेलं सगळ्यात चांगलं मराठी तेच आहे.

त्यानंतर मला कुणी मानपत्र सांगितलं नाही. उंद्रीचा एक तरुण आता हे काम करतो. एका लग्नात त्याला ऐकलं. वाक्यं माझीच आहेत, वेग जास्त आहे. निष्कलंक तोही म्हणतो.

अपिलात भाऊ जामिनावर सुटून घरी आले. मी दोन महिने गेलो नाही. मग एका दुपारी गेलो. फाटक उघडंच होतं, फाटकावर माणूस नव्हता. भाऊ ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. मला बघून उठले. पूर्वी उठायचे तसे.

"या सर. बसा." वहिनींना हाक मारून त्यांनी चहा सांगितला आणि शेंगांचं सूप माझ्याकडे सरकवलं. आम्ही दोघं सोलायला लागलो. मी बराच वेळ शब्द जुळवत होतो. शेवटी म्हणालो, "भाऊ, माझ्यासाठी तुम्ही एकदा प्राचार्यांपुढे खोटं बोलला होतात. मला तेवढंही..."

"ते सोडा," भाऊ म्हणाले. "कोर्टात बोलले त्याचा मले राग नाही. येक गोष्ट इचारू का?"

"विचारा."

"त्या बाईसाठी तुमी माह्याकडे आले व्हते. चप्पल घालता घालता बोलले. बसून काऊन नाही बोलले? भांडले काऊन नाही?"

"तुम्ही रागावला असता."

"रागावलो असतो. मंग?"

सोललेले दाणे परातीत पडत होते. मी विचारलं, "भांडलो असतो तर थांबला असता तुम्ही?"

भाऊंनी हातातली शेंग तशीच धरली. तेही खरंच उत्तर शोधत होते, असं मला दिसलं.

"मालूम नाही, सर," ते म्हणाले. "कोनी भांडून पाह्यलंच नाही."